झळाळीचे जतन

वाचकांनी प्रथम क्षमा करावी. ज्या पानांवर आपण संतांची चरित्रे, उपवासकाळातील चिंतने आणि वसईच्या जुन्या आठवणी वाचावयास सरावला आहात, त्याच पानांवर आम्ही आज एका जुन्या मोटारगाडीच्या रंगाविषयी लिहावयास बसलो आहोत. विषय ऐहिक आहे, हे आम्हांस मान्य आहे. गाडी म्हणजे अखेर पत्र्याचा डबा. त्यावरील चकाकीचे कौतुक ते काय करावयाचे? परंतु गेल्या दोन वर्षांत त्या चकाकीने आम्हांस असे काही शिकविले, की ते आपणांस सांगितल्यावाचून राहवत नाही. शिवाय ज्यांच्या अंगणात अशीच एखादी गाडी उभी आहे आणि ज्यांचा खिसा आमच्याइतकाच बेताचा आहे, त्यांना चार उपयोगी गोष्टीही या निमित्ताने कळतील.

आमची गाडी गडद निळ्या रंगाची. २०१३ साली शाळेच्या नोकरीत असताना कर्ज काढून ती घेतली. गडद रंग घेऊ नये, असे शेजारच्यांनी सांगितले होते. परंतु पवित्र मरियेच्या झग्याचा रंग म्हणून आमच्या सौभाग्यवतींचे मन त्या निळाईवर बसले. पहिली दोन वर्षे ती गाडी आरशासारखी होती. पुढे तिच्यावर कोळिष्टकासारखे गोल गोल चरे उमटू लागले. सावलीत ते दिसत नसत. पण ऊन तिरपे झाले, की सूर्याभोवती जणू कोणी जाळे विणले आहे असे वाटे. त्या जाळ्याचे विणकर आम्हीच होतो, हे पुष्कळ उशिरा कळले. रोज सकाळी कामावर निघताना जुन्या बनियनने गाडीवरची धूळ झटकून पुसणे, हीच आमच्या समजुतीप्रमाणे गाडीची निगा होती.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमचे थोरले बंधू आमच्या शेजारीच राहतात. दोन्ही घरांच्या मध्ये वडिलार्जित विहीर आणि तिच्या कडेने जाणारी वाट. वडील होते तोवर ती वाट कोणाची, हा प्रश्न कोणास पडला नाही. २०१५ साली बंधूंनी त्या वाटेच्या वळणावर एक दगडी खांब रोविला. आपल्या केळीच्या वाफ्यात गाडीचे चाक जाऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता, असे ते म्हणत. त्याच रात्री आम्ही उशिरा परत आलो. अंधारात तो खांब दिसला नाही आणि गाडीचा डावा मागचा दरवाजा त्यावर घासला गेला. आम्ही गाडीतून उतरलो आणि बोलू नये ते बोललो. बंधूही ओटीवर आले आणि बोलू नये ते बोलले. त्या रात्रीनंतर आठ वर्षे आम्हां दोघा भावांत शब्द नव्हता. दरवाजा चार दिवसांत दुरुस्त होऊन आला. भाऊ मात्र तसाच राहिला.

ही आठ वर्षे कशी गेली, ते आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल, कारण वसईत जमिनीच्या पट्टीवरून न बोलणारी घरे काही थोडी नाहीत. आम्ही एकाच मिस्सेला जात होतो. आपल्याकडे मिस्सेत शांतीचे चिन्ह हात जोडून देतात. त्यात एक सोय अशी, की ज्याच्याकडे पाहावयाचे नाही त्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे पाहून नमस्कार करता येतो. आठ वर्षे आम्ही तो नमस्कार तसाच केला. लग्नकार्यात समोरासमोर आलो, तर चारचौघांसाठी ओठ रुंदावत. बाजारात स्वस्तात एक तेलकट मलम मिळते. गाडीवर चोळले, की चऱ्यांमध्ये ते भरून राहते आणि रंग नवा वाटतो. दोन वेळा गाडी धुतली, की चरे जागच्या जागी पुन्हा दिसतात. आमचे ते हास्य त्याच जातीचे होते.

२०२२ साली आई गेली. २०२३ च्या जून महिन्यात तिच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेला आम्ही दोघे भाऊ पहिल्याच बाकावर बसलो, कारण बसणे भाग होते. शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली आणि आम्ही सवयीप्रमाणे नजर चुकवून हात जोडले. बंधूंनी मात्र आमचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि ‘कोकरा’चे गीत सुरू झाले तरी सोडले नाहीत. त्या वेळी कोणी काही बोलले नाही. सहा महिन्यांनी, नाताळच्या आधी, ते ओटीवर येऊन म्हणाले, “जानेवारीत पोरीचं लग्न आहे. चर्चला तिला तुझ्या गाडीतून न्यावी, असं मनात आहे. भाड्याची गाडी नको.” त्यांच्या मुलाची स्वतःची मोठी गाडी होती, हे येथे सांगितले पाहिजे.

बंधू परतल्यावर आम्ही अंगणात जाऊन गाडीकडे पाहिले. दहा वर्षांची धूळ, पाऊस आणि बनियन यांनी तिची जी अवस्था केली होती, ती पाहून पुतणीला त्या गाडीतून नेण्याची आम्हांस लाज वाटली. सौभाग्यवती म्हणाल्या, “पाच हजार गेले तरी चालतील, पण गाडी चांगली करून घ्या.” तेवढेच गेले.

ज्या तरुणाने ते काम केले, तो मोठा हुशार आणि बोलका होता. काम सुरू करण्यापूर्वी त्याने खिशातून एक लहानसे यंत्र काढले आणि गाडीच्या अंगावर ते ठिकठिकाणी टेकवून आकडे पाहू लागला. रंगाची जाडी मोजण्याचे ते यंत्र. आमच्या चौकस स्वभावास अनुसरून आम्ही विचारपूस केली, तेव्हा त्याने जे सांगितले ते येथे थोडक्यात देतो, कारण पुढील सर्व गोष्टींचा पाया तोच आहे.

गाडीचा रंग हा एक थर नसून अनेक थर असतात. पत्र्याला गंज लागू नये म्हणून सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसविलेला एक लेप. त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा अस्तराचा थर. त्यावर निळा, तांबडा जो असेल तो खरा रंग. आणि सर्वांत वर पाण्यासारखा पारदर्शक थर, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात. हे सर्व मिळून कारखान्यातून निघालेल्या गाडीवर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीचा सारा रंग दीड-दोन केसांएवढा. त्यातही आपल्याला जी चकाकी दिसते ती वरच्या पारदर्शक थराची, आणि तो अवघा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे अर्ध्या केसाएवढा.

“मग पॉलिश म्हणजे तुम्ही या थरावर काय चढविता?” आम्ही विचारले. तो हसला. “चढवत काही नाही, काका. काढतो. चरा जितका खोल, तितका आजूबाजूचा थर घासून खाली आणतो. सगळं एका पातळीला आलं, की उजेड नीट परततो आणि गाडी चमकते. एका वेळेस दोन-चार मायक्रॉन जातात. म्हणून हे काम सारखं सारखं करायचं नसतं. तुमच्या गाडीला आणखी एकदा, फार तर दोनदा करता येईल. त्यानंतर थरच उरणार नाही, आणि ऊन खालच्या रंगाला खाईल.”

साठी उलटेपर्यंत आम्ही अशा समजुतीत होतो, की पॉलिश म्हणजे वरून काहीतरी चोपडणे. झळाळी ही काही गमावून मिळते, हे त्या दिवशी प्रथम कळले.

तो तरुण मोजत मोजत पुढे गेला. बॉनेटवर ११२, टपावर १०८, पुढच्या दरवाजावर ११५. डाव्या मागच्या दरवाजावर यंत्र टेकविताच आकडा एकदम ३४० वर गेला. “हा दरवाजा पुन्हा रंगवलेला आहे. खाली पुट्टी भरलेली आहे,” तो म्हणाला. “कुठं ठोकली होती का, काका?” सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, “होय, एकदा अंधारात खांबाला लागली होती.” डोळ्यांना तो दरवाजा इतर दरवाजांसारखाच दिसत होता. आठ वर्षांत आम्ही स्वतःही तो ओळखेनासे झालो होतो. परंतु यंत्राला फसविता आले नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पुतणीचे लग्न झाले. गाडीत चर्चचे मनोरे दिसावेत, इतकी ती लखलखत होती. सजावट करणाऱ्या मुलांना आम्ही चिकटपट्टी लावू दिली नाही. मोगरा आणि सोनचाफा दोऱ्यांनीच ओवून बांधावयास लावला, त्यावरून थोडी थट्टाही झाली. डाव्या मागच्या दरवाजातून आमची पुतणी उतरली आणि दरवाजा बंधूंनी धरला होता. त्या दरवाजाची हकीकत त्या वेळी आम्हां दोघांखेरीज कोणाच्या ध्यानात असेल, असे वाटत नाही.

लग्न पार पडले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या मनी काळजी शिरली. ही झळाळी टिकणार कशी? सिरॅमिकचा लेप द्यावा, असा एक सल्ला आला. त्याचा खर्च अठरा हजार सांगितला, तो आमच्या निवृत्तिवेतनात बसणारा नव्हता. आम्ही पुन्हा त्याच तरुणाला गाठले. त्याने स्वतःचे नुकसान सोसून आम्हांस घरच्या घरी करावयाचे उपाय सांगितले. त्यांस लागणारे सामान आम्ही सुमारे पंधराशे रुपयांत घेतले: गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरची चार फडकी, एक मऊ हातमोजा आणि मेणाचा एक डबा. दोन बादल्या घरच्याच होत्या.

पहिला नियम असा, की कोरडी धूळ कधी पुसावयाची नाही. आपल्या रस्त्यावरील धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे सूक्ष्म कण असतात आणि गार ही काचेहूनही कठीण. गाडीचा वरचा थर तिच्यापुढे अगदीच मऊ. कोरड्या फडक्याने धूळ पुसणे म्हणजे बारीक पॉलिश कागदाने गाडी घासणेच होय. धूळ असली तर असू द्यावी. तिला पाण्याने सैल करून वाहू द्यावे. त्यामुळेच धुळकट गाडीवर आच्छादन घालणेही वाईट. वाऱ्याने ते हलत राहते आणि रात्रभर धूळ घासत राहते.

दुसरा नियम दोन बादल्यांचा. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी. आधी सारी गाडी पाण्याने भिजवावी. मग हातमोजा शाम्पूत बुडवून टपापासून खाली येत एकेक भाग हलक्या हाताने धुवावा आणि प्रत्येक भागानंतर मोजा स्वच्छ पाण्याच्या बादलीत खळबळून घ्यावा, म्हणजे कण त्या बादलीच्या तळाशी बसतात आणि पुन्हा गाडीवर जात नाहीत. चाके सर्वांत शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये; ती मेणाचा थरही धुऊन नेते. फडके जमिनीवर पडले, तर ते धुतल्यावाचून पुन्हा गाडीला लावू नये. मायक्रोफायबरची फडकी सुती कपड्यांबरोबर धुऊ नयेत. सुताचे तंतू त्यांत अडकतात. हे सारे काम सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना करावयाचे.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि येथे आमची खरी अडचण होती. विहिरीचे पाणी बादलीभर ओतून गाडी वाळू दिली, की तिच्यावर पांढरे गोल डाग उठत. पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. उन्हात ते रंगाला धरून बसतात. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने ताजे डाग जातात, जुने जात नाहीत. आपल्या विहिरींचे पाणी का बदलले, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. टँकरांनी पाणी उपसले, समुद्राचे खारे पाणी आत सरकले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध जो लढा दिला, त्यात आम्हीही तरुणपणी मोर्चात चाललो होतो. आमची विहीर आता पिण्याजोगी नाही. निदान तिच्यावरून भांडण्याजोगे काही उरलेले नाही.

बंधूंकडे मात्र पावसाच्या पाण्याची टाकी आहे. कौलांवरून येणारे पाणी पन्हळीने गाळून ते साठवितात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत त्यावर त्यांचा फुलझाडांचा वाफा चालतो. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे शेवटची धुणी त्या पाण्याने केली, तर डाग पडत नाहीत. एक बादली पुरते. पण ती मागावयाची कोणी? आठ वर्षे ज्या उंबऱ्याकडे पाहिले नाही, त्या उंबऱ्यावर लग्न आटोपल्यानंतर काही कारण नसता जाणे आम्हांस जड जात होते. समेट झाला होता. सवय झाली नव्हती. अखेर एका शनिवारी सौभाग्यवतींनी बादली आमच्या हाती दिली आणि त्या आत निघून गेल्या. आम्ही ती घेऊन खांबाच्या कडेने पलीकडे गेलो. बंधूंनी कारण विचारले. सांगितल्यावर ते म्हणाले, “गाडीला पावसाचं पाणी? मजा आहे.” आणि स्वतःच नळ सोडला. तेव्हापासून दर शनिवारी सकाळी ती बादली घेऊन आम्ही जातो. पाणी भरावयास दोन मिनिटे लागतात. परतावयास अर्धा तास. वहिनी चहा ठेवतात. पावसाळ्यात पाण्याची गरज नसते, तरीही आम्ही जातो, हे बंधूंच्या लक्षात आले असावे. परंतु त्यांनी ते कधी बोलून दाखविले नाही.

चौथी गोष्ट मेणाची. पॉलिशने उघडा पडलेला थर तसाच ठेवावयाचा नसतो. त्यावर त्याग करण्याजोगा एक पातळ पदर द्यावा लागतो, म्हणजे जे काही झिजावयाचे ते त्याने झिजावे. आमच्या डब्यातील मेण कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे आहे. हा ताड ब्राझीलच्या ईशान्य भागात होतो. ज्या पोर्तुगिजांनी १५३४ पासून दोनशे वर्षे आपल्या वसईवर राज्य केले आणि ब्राझीलहून काजू आपल्या किनाऱ्यावर आणला, त्यांच्याच भाषेतून हे नाव जगभर गेले. हे मेण मधमाश्यांच्या मेणाहून पुष्कळ कठीण असते आणि ८० अंशांहून अधिक उष्णतेला वितळते. म्हणून वैशाखातील तापलेल्या पत्र्यावरही ते टिकते. पुनरुत्थानाच्या रात्री महामेणबत्तीसमोर जे स्तुतिगान म्हणतात, त्यात मधमाश्यांच्या श्रमांचा उल्लेख येतो. आम्हांस मात्र गेली दोन वर्षे त्या वेळी आमच्या डब्याचीही आठवण होते. देव क्षमा करो.

मेण अगदी थोडे घ्यावे, पातळ लावावे, वाळल्यावर स्वच्छ फडक्याने उतरवावे. जाड लावल्याने ते अधिक टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. वेळ झाली हे कसे ओळखावे? बॉनेटवर पाणी शिंपडावे. त्याचे टपोरे मणी होऊन घरंगळले, तर मेण आहे. पाणी पसरून चादरीसारखे बसले, तर मेण संपले.

पाचवी गोष्ट पाखरांची. आमच्या अंगणात आईने लावलेले जांभूळ आहे आणि गाडी उभी करावयास तेवढीच सावली आहे. पाखरांच्या विष्ठेत आम्ल असते. ऊन चढले, की पत्रा तापतो, रंगाचा थर किंचित मऊ होतो आणि ते आम्ल त्यात उतरते. संध्याकाळी थर थंड होऊन आवळला, की डाग कायमचा कोरला जातो. सकाळी पडलेली घाण दुपारपर्यंत काढली, तर मागमूस राहत नाही. ती खरवडावयाची नाही. ओले फडके तिच्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावयाचे. ती मऊ झाली, की हलकेच उचलून घ्यावयाची. रेल्वे स्थानकाजवळ दिवसभर गाडी ठेवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: रुळांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतते आणि पुढे तिचे तपकिरी ठिपके होतात. ते नखाने काढू नयेत; त्यासाठी एक चिकणमातीसारखा गोळा मिळतो, तो पाणी आणि शाम्पू लावून हलक्या हाताने फिरवावा.

हे सर्व आम्ही निष्ठेने केले आणि वर्षभर गाडी तशीच्या तशी राहिली. त्याचा थोडा अभिमानही झाला, हे कबूल केले पाहिजे. चुना फासलेल्या थडग्यांविषयी प्रभूने काय म्हटले आहे, ते आम्ही वर्गात पुष्कळदा शिकविले होते. स्वतःस मात्र ते लावून पाहावयाचे राहिले होते. ती वेळ २०२५ च्या फेब्रुवारीत आली.

शनिवारीच, दुपारी, आम्ही गाडी बंधूंच्या दारात उभी केली होती. पलीकडच्या वाटेचे काम चालले होते आणि गाडीवर धुळीचा थर बसला होता. बंधूंचा मुलगा बाहेर आला. काकांची गाडी मळलेली दिसली म्हणून त्या भल्या मुलाने दोरीवरचा एक जुना सदरा ओढला आणि सारे बॉनेट जोर लावून पुसून काढले. आम्ही बाहेर येऊन पाहतो, तो निळ्या रंगावर उन्हात पुन्हा तेच जाळे. वर्षभराचे शनिवार डोळ्यांसमोर आले आणि आमच्या तोंडून शब्द गेले, “दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, एवढी रीत तुमच्या घरात नाही का?”

‘तुमच्या घरात’ हे दोन शब्द आम्ही स्वतः ऐकले. बंधू ओटीवर होते, त्यांनीही ऐकले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी हातातील पेला खाली ठेवला आणि ते आत गेले. मुलगा सदरा हातात घेऊन उभा राहिला. आम्ही गाडी सुरू केली आणि पन्नास पावलांवरच्या आमच्या घरी आलो.

दुपारभर आम्ही बॉनेटकडे पाहत बसलो. पुन्हा घासून घ्यावे काय? एकदा, फार तर दोनदा, असे तो तरुण म्हणाला होता. मग ध्यानात आले, की हा हिशेब नुसत्या गाडीचा नाही. आईच्या मिस्सेला बंधूंनी जे केले, त्यात त्यांच्या मनाचा केवढा थर घासला गेला असेल! आठ वर्षांचे चरे त्यांनी आपल्या बाजूने समपातळीवर आणले. आम्ही फक्त चमकलो. तसे करावयास ते आणखी कितीदा धजतील? पेत्राने प्रभूला क्षमेची संख्या विचारली, तेव्हा मिळालेले उत्तर आपणां सर्वांना पाठ आहे, आणि देवाच्या दयेला मायक्रॉनचे माप नाही यावर आमचा विश्वास आहे. परंतु माणसाचे मन मातीचे. त्याच्या क्षमेचा थर अर्ध्या केसाएवढाच असतो, आणि तो आहे म्हणून रोज कोरड्या फडक्याने घासू नये. मोठा समेट आयुष्यात एकदाच घडावा. उरलेले काम बादली, ओले फडके आणि हलका हात यांनीच करावे.

सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असे संत पौलाने इफिसकरांना कळविले आहे. पाखरांच्या घाणीविषयीचा नियमही तोच असल्याचे आम्हांस आठवले. ऊन उतरू लागले होते. आम्ही उठलो, खांबाच्या कडेने पलीकडे गेलो. प्रथम पुतण्याला हाक मारली आणि त्याची माफी मागितली. तो गोंधळून म्हणाला, “काका, माझंच चुकलं. मला ठाऊक नव्हतं.” धूळ कोरडी का पुसू नये, हे त्याला आम्ही कधी सांगितलेच नव्हते, मग त्यास ठाऊक असणार कसे? बंधू आतच होते. त्यांच्यासमोर उभे राहून ‘चुकलो’ एवढेच म्हणता आले. चर्चची संध्याकाळची घंटा वाजली, तशी ते उठले, क्रूसाची खूण केली आणि प्रार्थना संपल्यावर म्हणाले, “खांब काढून टाकू म्हणतो. आता त्या वाफ्यात काही नाही.” आम्ही म्हणालो, “राहू दे. सवय झाली आहे. त्याला पांढरा रंग दे, म्हणजे रात्री दिसेल.”

पुढच्या शनिवारी पुतण्या आणि आम्ही मिळून तो खांब पांढरा केला.

बॉनेटवरचे चरे आम्ही घासून घेतलेले नाहीत. मेण लावल्यावर ते जरा मंद होतात. संध्याकाळचे ऊन तिरपे पडले, की दिसतात. तो पारदर्शक थर पुढे कधी खरोखर गरज पडेल तेव्हासाठी राखून ठेवावा, असे आमचे आणि सौभाग्यवतींचे ठरले आहे. आता गाडी धुताना पुतण्याही येतो; दोन बादल्यांचा नियम तो आमच्याहून कसोशीने पाळतो आणि हातमोजा खाली पडला, तर आम्हांसच रागावतो.

यंदाही टाकी भरली आहे. मार्चपर्यंत पुरेल, असे बंधू म्हणतात.